ब्रेक डाव्या पायाला

कबाडीवाल्याच्या दोन माणसांनी गाडीच्या हँडलला दोर बांधला होता, तेवढ्यात आई मागच्या दाराशी आली. हातात काठी नव्हती, म्हणजे घाईने आली होती. चौकटीला धरून ती उभी राहिली आणि त्या माणसांना म्हणाली, "भैया, रस्सी खोल दीजिए. ये नहीं जाएगी."

दोघांनी बाबांकडे पाहिलं, कारण त्यांना बोलावलं होतं बाबांनी. मागच्या व्हरांड्यात नवी फरशी बसवायची होती आणि तिथे वीसेक वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली ती फटफटी आता काढून टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी ऑफिसला निघाले होते, हातात स्कूटीची किल्ली होती. बाबा आईकडे न बघता म्हणाले, "कशाला ठेवायची?"

"चालू करायला," आई म्हणाली. "मला बसायचंय तिच्यावर."

बाबा आत गेले आणि त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. कबाडीवाले थोडा वेळ थांबले, मग दोर सोडून निघून गेले. ताडपत्री अर्धी खाली आली होती आणि गाडीची काळी टाकी उघडी पडली होती. मी ती पुन्हा झाकायला गेले, तर आई म्हणाली, "राहू दे उघडी."

आम्ही मूळचे सांगलीकडचे. बाबा रेल्वेत इंजिनिअर होते. बदल्या होत होत लखनौला आले आणि निवृत्तीच्या सुमारास इथेच तेलीबागेत घर बांधून राहिले. मी वनस्पतिशास्त्रातली. इथल्या एका संशोधन संस्थेत मला नोकरी मिळाली तेव्हा त्यांच्याकडेच राहायला आले. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, आई त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. ती गाडी बाबांनी तरुणपणी कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. प्रत्येक बदलीला ती मालगाडीच्या डब्यातून आमच्याबरोबर आली. एका सिलिंडरचं वजनदार इंजिन, खालून जाणारा जाड सायलेन्सर. आणि आताच्या गाड्यांच्या बरोबर उलट, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक.

अपघात झाला तेव्हा मी पुण्यात पीएच.डी. करत होते, त्यामुळे मला जे माहीत आहे ते ऐकलेलं. सरोजिनी नगरच्या बाजूला एका मराठी कुटुंबाकडे दोघं जेवायला गेले होते. परतताना कानपूर रोडवर एक सायकलवाला आडवा आला. बाबांनी ब्रेक दाबला, बारीक खडीवर मागचं चाक घसरलं आणि आई पडली. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड बसला, पण डावा पाय थोडा आखूड राहिला. मी रेल्वेने आले तेव्हा ती वॉर्डात झोपली होती आणि बाबा बाहेरच्या बाकावर हात मांडीखाली घालून बसले होते. गाडी कुणीतरी ढकलत घरी आणून मागे लावली होती. बाबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. त्यानंतर ते तिच्याजवळ गेलेले मी पाहिले नाहीत.

नंतर त्यांनी एक छोटी चारचाकी घेतली. तिच्यातून आईला डॉक्टरांकडे नेत आणि परत आणत. बाकी कुठे जायचं निघालं की म्हणत, "तुला त्रास होईल." मराठी मंडळाचा गणपती, कुणाची मंगळागौर, गोमती नगरातल्या मैत्रिणीची नवी जागा, सगळ्याला तेच उत्तर. आई आधी वाद घालायची, नंतर तिने ते सोडून दिलं. आम्हाला वाटलं, तिलाच आता जावंसं वाटत नाही.

त्या संध्याकाळी ती मटार सोलत बसली होती. मी तिला विचारलं की हे मनापासून की बाबांना चिडवायला. तिने शेंगा खाली ठेवल्या.

"पडले मी," ती म्हणाली. "रॉड माझ्या पायात आहे. आणि भीती कुणाला, तर त्यांना. इतकी वर्षं मी त्यांची भीती सांभाळत घरात बसलेय."

गाडी दुरुस्त करून घ्यायला मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला खात्री होती की ते इंजिन कधीच चालू होणार नाही. म्हणजे आईचं मन राखलं जाईल आणि काही घडणारही नाही.

रायबरेली रोडवर जुन्या गाड्यांची कामं करणारा एक मिस्त्री होता. त्याच्या दुकानात जागा नव्हती, म्हणून तो रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यातच यायला लागला. गप्पिष्ट माणूस, थोडा घाईचा. पहिल्या दिवशी त्याने किकवर पाय ठेवून सगळं वजन टाकलं, तर किक जागची हलली नाही. "इंजन जाम है, दीदी," तो म्हणाला. प्लग काढून त्याने सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतलं आणि मुरू दे म्हणून निघून गेला. पुढच्या रविवारी सीटखाली उंदरांचं घर निघालं. वायरी कुरतडलेल्या. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घरटं केलेलं. टाकी हलवली की आत गंजाचे पापुद्रे वाजत. टायर बोटाने दाबले तरी तडकत होते. मी एकेक गोष्ट पाहून आतून सुखावत होते. आई मात्र प्लास्टिकच्या खुर्चीत, पायावर शाल घेऊन, सगळं बघत बसायची. बाबा समोरच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून बसत.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मिस्त्रीने किक मारली आणि ती हळूच, एक जड श्वास सोडल्यासारखी खाली गेली. पिस्टन सुटला होता. आतल्या खोलीतला टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. मिस्त्रीने आणखी दोनदा किक खाली-वर केली. मग टीव्ही पुन्हा मोठा झाला.

आता माझा धीर सुटायला लागला. टायर नवे आले, वायरिंग नवं झालं, टाकी धुऊन आली, ब्रेकला नवे लायनर लागले. दर रविवारी गाडी थोडी जास्त गाडी होत होती आणि घरातलं बोलणं थोडं कमी होत होतं. बाबा आईशी फक्त औषधांपुरतं बोलत. "गोळी घेतलीस?" "घेतली." माझ्याशी तेवढंही नाही. मी ऑफिसमधून आले की दोघं दोन खोल्यांत असत आणि मला चहा कुणाबरोबर घ्यावा कळायचं नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी इतकी घाबरले नव्हते कधी. गाडी स्टँडवर होती, मागचं चाक वर. आई तिच्या नेहमीच्या खुर्चीत, गाडीपासून दोन हातांवर. मिस्त्रीने बऱ्याच किका मारल्या. दोनदा नुसता धूर आला. मग एकदम ती सुरू झाली, आणि नीट सुरू झाली नाही. ॲक्सिलरेटर कुठेतरी आत अडकला होता. आवाज वाढतच गेला. मिस्त्रीने मूठ उलटी फिरवली, तरी वाढतच गेला. मागचं चाक इतक्या वेगाने फिरत होतं की त्याच्या तारा दिसेनाशा झाल्या. स्टँड फरशीवर नाचायला लागला आणि गाडी एकेक बोट पुढे, आईच्या खुर्चीकडे सरकायला लागली. मिस्त्री किल्ली चाचपडत होता. किल्ली फिरवली तरी इंजिन थांबेना, नव्या वायरिंगमध्ये त्याने काहीतरी उलटसुलट जोडलं असणार. मी आईची खुर्ची मागे ओढायला धावले. ती भिंतीला टेकलेली होती, ओढायला जागाच नव्हती.

बाबा केव्हा बाहेर आले मी पाहिलं नाही. मला फक्त त्यांचा हात दिसला. त्यांनी मिस्त्रीला खांद्याने बाजूला सारलं आणि हँडलच्या डाव्या बाजूची एक छोटी दांडी दाबून धरली. इंजिनाने एक फुसकारा टाकला, दोन आचके दिले आणि बंद पडलं. ती दांडी सिलिंडरमधला दाब सोडून देते, हे मला नंतर समजलं.

चाक फिरत राहिलं. बाबांनी ते थांबेपर्यंत दांडी सोडली नाही. मग ते आईकडे वळले. तिच्या पायावरची शाल खाली पडली होती. त्यांनी ती उचलली, पण तिच्या अंगावर घातली नाही, तशीच हातात घेऊन उभे राहिले.

"बंद करा हे सगळं," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

आई म्हणाली, "सुरू तर झाली."

मिस्त्रीने दुपारपर्यंत बसून कार्बोरेटर उघडला, केबल बदलली, वायर बदलली आणि माझी दोन-तीनदा माफी मागितली. मी त्याला सांगितलं की आता थोडे दिवस नको येऊस. पण त्याने निघताना शेवटची किक मारलीच. गाडी शांतपणे सुरू झाली आणि एका लयीत ठोके देत राहिली. आई डोळे मिटून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जाण्यापूर्वी मागे गेले, तर इंजिनावर जिथे प्लग असतो तिथे नुसतं भोक होतं. त्यात फडक्याचा बोळा कोंबलेला. व्यवस्थित, आत धूळ जाऊ नये असा. चोराने असा बोळा कोंबला नसता. मला कळलं कुणी काढला आहे. मी आईला काही बोलले नाही. दिवसभर संस्थेत माझं लक्ष लागलं नाही. एकदा वाटलं, बरं झालं, सुटलो. आणि मग आईचे ते मिटलेले डोळे आठवले.

आईला माझ्या सांगण्याची गरज नव्हती. रात्री जेवायला बसलो, तिने बाबांच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "प्लग कुठंय?"

बाबा जेवत राहिले. आई वाढण्याचा डाव हातात धरून उभीच राहिली. तिला फार वेळ असं उभं राहवत नाही, ती एका पायावर भार घेऊन वाकडी उभी असते. बाबांना ते दिसत होतं. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लग काढून टेबलावर ठेवला. तो पुसून स्वच्छ केलेला होता.

"मी तुला पाडलं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"हो. पाडलंत," आई म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं?"

बाबांनी मान वर केली. मला वाटतं, त्यांची दुसरं काहीतरी ऐकायची तयारी होती. तुमची चूक नव्हती, सायकलवाला आडवा आला, असं काहीतरी. नातेवाईक, डॉक्टर, मी, सगळ्यांनी त्यांना तेच सांगितलं होतं.

आई बसली. "पाडलंत ते ठीक," ती म्हणाली. "पण मग उचलून परत बसवायचं होतंत ना. तुम्ही मला पलंगावर बसवलंत आणि दार लावून घेतलंत."

पोळीचा तुकडा बाबांच्या हातात होता, तो त्यांनी ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले. प्लग टेबलावरच राहिला. सकाळी उठून पाहिलं तर तो इंजिनात होता. घट्ट, पान्याने आवळून बसवलेला.

त्यानंतर घर मोकळं झालं असं नाही. फक्त बाबा आता रविवारी टीव्ही लावत नसत. ते व्हरांड्याच्या दारात उभे राहत आणि मिस्त्रीला अधूनमधून एखादा प्रश्न विचारत. तो बहुधा असा असे, की उत्तर देण्यापूर्वी मिस्त्री काम थांबवून पुन्हा एकदा तपासून बघे. गाडी बाबांच्याच नावावर होती आणि नोंदणी संपून कितीतरी वर्षं झाली होती, त्यामुळे ती पुन्हा रस्त्यावर आणायची तर त्यांना सही करून आमच्याबरोबर आरटीओत यावं लागणार होतं. मी कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि सही केली.

आरटीओत साहेबांनी गाडी चालवून पाहिली, दिवे पाहिले, हॉर्न पाहिला. मग सांगाड्यावर कोरलेला नंबर पाहायला खाली वाकले आणि तिथेच अडलं. गंजाने एक आकडा खाल्ला होता. तो तीन आहे की आठ, कळेना. बाबांनी अख्खा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. साहेब सभ्यपणे म्हणाले की त्यांचा बाबांवर विश्वास आहे, पण आकडा दिसायला हवा, नाहीतर गाडी पास होणार नाही. मिस्त्रीने पॉलिशपेपर आणला. बाबा म्हणाले, "मैं करता हूँ." ते गुडघे टेकून बसले आणि रॉकेल लावून अगदी हलक्या हाताने घासायला लागले. जास्त घासलं तर उरलेली खूणही गेली असती. आमच्यामागे लोकांची रांग होती, कुणीतरी कुरकुरत होतं. मी त्यांच्या मानेवरचा घाम बघत उभी होते. थंडीचे दिवस होते. अखेर साहेबांनी टॉर्च मारला, कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली आणि कागदावर तीन उमटला.

बाबा उठताना माझ्या खांद्याला धरून उठले. म्हणाले, "आता तू शिकून घे."

बाबा स्वतः चालवणार नाहीत, हे त्यात आलं. मी स्कूटीवाली, त्याआधी कॉलेजात गिअरच्या गाड्या चालवलेल्या, पण त्यांचा ब्रेक उजव्या पायाला. सकाळी लवकर आमच्या गल्लीत मी येरझारा घालायला लागले. डोक्याला सगळं समजत होतं. पाय ऐकत नव्हता. थांबायचं झालं की उजवा पाय खाली जायचा, ब्रेकऐवजी गिअर पडायचा आणि गाडी थांबण्याऐवजी ओढ घ्यायची. बाबा फाटकात उभे राहून बघायचे. "घाई झाली की पाय जुनंच करणार," ते म्हणाले. "आधी हाताचा ब्रेक. पाय मग." रोज सकाळी दूधवाल्याला वळसा घालताना, कुत्र्याला वाचवताना मी ते मनात म्हणत असे. दोनेक आठवड्यांनी चुका कमी झाल्या. संपल्या नव्हत्या, आणि ते मी घरात सांगितलं नाही.

आईने रविवार ठरवला. तिला फक्त रायबरेली रोडने थोडं पुढे जाऊन परत यायचं होतं. बाबांनी तिच्यासाठी हेल्मेट आणलं होतं. आम्ही कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. आई साडीत, त्यामुळे एका बाजूला पाय सोडून बसणार. बाबांनी स्टूल लावलं, तिला काखेतून धरून वर बसवलं, तिचा आखूड पाय हाताने उचलून फुटरेस्टवर ठेवला, पदर चाकात जाणार नाही असा खोचला आणि मग पुन्हा एकदा तपासला. ते स्वतः माझी स्कूटी घेऊन मागून येणार होते. आईचा उजवा हात माझ्या खांद्यावर आला. तिची बोटं थंड होती, पण पकड घट्ट होती.

गल्लीतून मुख्य रस्त्यापर्यंत मी इतकी हळू गेले की सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. मोठ्या रस्त्यावर आल्यावर जरा वेग घ्यावा लागला. मागून गाड्या हॉर्न देत होत्या. आरशात बाबा दिसत होते, वाकून, स्कूटीचं हँडल दोन्ही हातांनी आवळून. इंजिनाचे ठोके पायातून वर येत होते. आई काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही, मी "काय?" विचारलं आणि त्या एका क्षणात पुढची ई-रिक्षा सवारी घ्यायला जागच्या जागी थांबली.

माझा उजवा पाय खाली गेला. पूर्ण ताकदीने. गिअर खडकन पडला, गाडीने आचका घेतला आणि ती रिक्षाकडे ओढत निघाली. हात, हात, असं डोक्यात होतं, पण बोटं नुसती क्लचवर होती. रिक्षात मागे तोंड करून बसलेल्या एका बाईचा चेहरा मला दिसत होता, तिने हातातली पिशवी छातीशी धरली.

"डावा!"

आईचा हात माझ्या डाव्या मांडीवर जोरात आदळला. त्या फटक्याने पाय खाली गेला. मागचं चाक धरलं गेलं, थोडं घसरलं, आईचं सगळं वजन माझ्या पाठीवर आलं आणि आम्ही थांबलो. इंजिन बंद पडलं. पुढचं चाक आणि रिक्षा यांच्यात एक वीत राहिली असेल. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं, सवारी घेतली आणि निघून गेला.

मी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी होते. मागे बघायची हिंमत होत नव्हती. "आई?"

"आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "इतकी वर्षं डावीकडे पाय सोडून बसले. ते डाव्या पायाने काय करतात तेच दिसायचं."

बाबा आले. त्यांनी स्कूटी कडेला लावली, आमची गाडी धरून आईसकट कडेला ढकलत नेली. चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाले, "उतर."

मी उतरले. वाटलं, झालं, संपलं सगळं. आता आईला उतरवतील, रिक्षा करतील, आणि उद्या कबाडीवाला येईल. मी त्यांना दोषही दिला नसता.

आई मागच्या सीटवर तशीच बसून होती. बाबा तिच्यासमोर गेले.

"दुखलं?"

"नाही."

रस्त्यावरून एक बस गेली, तिच्या वाऱ्याने आईचा पदर हलला. बाबांनी तो पुन्हा खोचला. "बसशील?" त्यांनी विचारलं.

"मी बसलेलीच आहे," आई म्हणाली.

मी म्हणाले, "बाबा, नको. रिक्षा करू. किक बसायची नाही तुम्हाला." त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी हेल्मेट दिलं. मला आजही कळत नाही की मी ते का दिलं. कदाचित त्यांनी मागितलं म्हणून.

त्यांनी पाय टाकून गाडी तोलली, आईला एकदा "धर" म्हणाले. ती डावीकडची दांडी दाबून किक सावकाश खाली नेली, टाकीपुढच्या छोट्या काट्यावरून पिस्टन जागेवर आल्याचं पाहिलं, दांडी सोडली आणि किक मारली. पाय निसटला. बाबांनी मांडी चोळली. पुन्हा सगळं तसंच, पहिल्यापासून. या वेळी गाडी सुरू झाली. त्यांनी मागे पाहिलं, रहदारी जाऊ दिली आणि निघाले.

मी स्कूटीवर त्यांच्यामागे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि त्याच्यामागे एका बाजूला बसलेली बाई, मधे दोन टेम्पो, एक जीप, मग मला ते दिसेनासे झाले, मग पुन्हा आईचं पांढरं हेल्मेट दिसलं. पुढच्या सिग्नलला मी अडकले. हिरवा लागला तेव्हा रस्त्यावर ते नव्हते. मी वळून घरापर्यंत आले. फाटकाला कुलूप तसंच. आईला फोन लावला, तर तिचा फोन माझ्या स्कूटीच्या डिकीत वाजला. तिची पर्स तिथेच ठेवलेली होती. बाबा फोन घेऊन निघतच नाहीत.

मी पुन्हा रस्त्यापर्यंत गेले, परत आले. तेवढ्यात ते दुसऱ्या बाजूने आले तर, म्हणून पुन्हा घरी. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. लांबून कुठलाही जड ठोका ऐकू आला की मी फाटकाशी जायचे, आणि ती दुसऱ्याच कुणाची गाडी असायची. रुग्णवाहिकेचा एक आवाज गेला. मी कोणत्या हॉस्पिटलला आधी जावं याचा विचार करायला लागले होते. मनात शब्दशः रस्ता आखत होते.

ते आले तेव्हा ऊन चढलं होतं. बाबांनी गाडी फाटकात थांबवली आणि पाय टेकले. आईच्या मांडीवर पेरूंची पिशवी होती आणि ओठांवर तिखट-मिठाचा लाल डाग.

मी रडले नाही, ओरडले. कुठे होतात, फोन नाही, काही नाही, माझं इथे काय झालं असेल याची कल्पना आहे का. दोघं लहान मुलांसारखी ऐकून घेत होती. मग बाबा म्हणाले, "दुभाजकातला वळायचा कट बंद होता. पुढे वळायला जागाच नाही. मग गेलो पुढे."

"खूप पुढे," आई म्हणाली.

त्यानंतर तीन-चार दिवस आईचा पाय दुखला. तिने तोंडाने सांगितलं नाही, पण रात्री तिला कूस बदलता येत नव्हती. बाबा गरम पाण्याची पिशवी भरून देत होते. मला वाटलं, आता ते म्हणतील की बघ, मी सांगत होतो. ते म्हणाले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीला बोलावलं आणि मागच्या सीटच्या स्प्रिंगा नरम करून घेतल्या.

मी ती गाडी एकटी चालवते कधीकधी, सकाळी, रस्ता रिकामा असताना. आईला मागे घेऊन पुन्हा बसले नाही. तिला बाबाच नेतात, दर रविवारी नाही, पाय बरा असेल त्या रविवारी. बाबा सावकाश चालवतात. मंडळात गेल्या महिन्यात दोघं तिच्यावरून गेले आणि लोक बाहेर येऊन बघत उभे राहिले, असं आईने सांगितलं. सुरुवातीला मी त्यांच्यामागून स्कूटीने जायचे. मग आईनेच नको म्हणून सांगितलं, मागे बघत बसावं लागतं म्हणाली.

आता ते निघाले की मी घरात थांबते. वाचायला घेतलेलं डोक्यात शिरत नाही, भाजी करायला घेतली तर करपते. बाबा आता फोन नेतात, पण गाडीच्या आवाजात तो त्यांना ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे, तरी मी लावते. एकदा आईला सांगितलं की मला ही भीती सहन होत नाही.

ती केस विंचरत होती. "होईल सवय," ती म्हणाली आणि मला तिचं हेल्मेट आणून द्यायला सांगितलं.